दुसऱ्या गौरीची वाट

आमच्या देवासात राजे दोन होते. रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचं राज्य, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचं. फौजदार दोन, दसऱ्याच्या स्वाऱ्याही दोन. मी धाकट्या पातीत कारकून, तर माझे मेव्हणे बापूराव थोरल्या पातीत. जगात सगळीकडे असंच असतं, असा आमचा दोघांचा ठाम समज!

लेकीला गोवर झाला तेव्हा शेजारच्या मारवाडी शेठाणीच्या सांगण्यावरून बायकोने बिकानेरच्या गणगौरीला नवस केला. मुलगी खडखडीत बरी झाली. तिला आजोळी ठेवून चैत्रात मी, ही आणि बापूराव असे तिघं ओटी भरायला निघालो. टांगा, मग तीन आगगाड्या! उतरलो तेव्हा माझ्या दाढेखाली वाळू होती आणि हिच्या मांडीवर खणानारळाचं गाठोडं.

किल्ला पाहून छाती दडपली. दारातल्या भुजिया-शेव विकणाऱ्याला मी विचारलं, "भिया, ये किला कौन-से राजा का?"

"राजाजी को, हुकम."

"वो समझे. पर कौन-से?"

"राजाजी को!"

माणूस बुद्धीने बेताचा दिसला. दुसऱ्या राजाचा किल्ला शोधत मी भर उन्हात दोघांना गावाबाहेर नेलं. तिथं वाळू होती. पुढेही वाळूच होती.

"धाकट्यांचा किल्ला जरा आत असेल," मी म्हणालो.

"वाळूत?" बापूरावांनी विचारलं.

संध्याकाळी स्वारी निघाली. नगारे, घोडे, आणि सोन्याने मढलेली गौर! बायका पुढे होऊन पाया पडत होत्या. हिने घाईघाईने गाठोडं सोडलं.

"आधी निघाली म्हणजे आमची, थोरल्यांची!" बापूराव गरजले. "ताई, भर ओटी!"

"खबरदार!" मी हिचा पदर धरला (भर रस्त्यात!). "आपली मागून येईल."

"अहो, गौर ती गौर! लेकीचा नवस आहे."

"आणि थोरल्यांच्या गौरीची ओटी भरली म्हणून माझी नोकरी गेली, तर?"

गौर रीतीप्रमाणे विहिरीवर पाणी पिऊन परत आली, किल्ल्यात गेली, दरवाजा बंद झाला. मी टाचा उंचावून उभाच! शेवटी त्याच भुजियावाल्याला गाठलं. "भिया, दूसरी कब निकलेगी?"

"दूसरी? अगले बरस, हुकम!"

"बघा," मी बापूरावांना म्हणालो, "इथे पाळीपाळीने निघतात!"

हिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. या गावात राजा एकच होता! मला फार लाज वाटली. तोंड लपवायला वाळू पुष्कळ होती.

ही मात्र गाठोडं उचलून विहिरीकडे चालू लागली. तिथं गावच्या बायका आपापल्या मातीच्या गौरींना पाणी पाजत होत्या. हिचा चेहरा पाहून एकीने आपली गौर पुढे धरली. हिने ओटी भरली, लेकीसाठी हात जोडले. मग साऱ्याजणी मागे लागल्या, नवऱ्याचं नाव घ्या! हिने डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात घेतलं:

"गौर गेली मिरवत, सारा गाव झुकला,
विनायकरावांचा धाकटा राजा रस्ताच चुकला!"

मराठीतलं अक्षर न कळताही सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. बापूरावांना तर अक्षरन् अक्षर कळलं. देवासला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी तो उखाणा रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोकांना तोंडपाठ होता. मी मूर्ख आहे, यावर दोन्ही पात्यांचं बिनतक्रार एकमत झालं!