आप्पांच्या आठ गोळ्या

शहापुरातले आप्पा वैद्य भांगेची गोळी देत, पण ती कुणाला घरी नेऊ देत नसत. रोग्याने त्यांच्या कट्ट्यावर बसून, त्यांच्यादेखत गुळातून गिळायची आणि ते 'जा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. विणकर चेष्टा करत, "आप्पा, माग थांबलाय माझा. बसवून घेऊन लगीन ठरवताय काय?" आप्पा म्हणत, "बस रं गप. हितं दवा हाय, घरी नेलीस की नशा."

भांग ते स्वतः धूत. फडक्यात बांधून, हिरवं पाणी सरून नितळ येईपर्यंत. मग गाईच्या तुपावर परतत. इंग्रजांच्या राज्यात परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा होता आणि मी अबकारी कचेरीत कारकून होतो. पण माझ्या आईच्या पोटदुखीवर दुसरं काही चालेना. गोळी घेतली की दोन घोट पेज तरी तिच्या पोटात ठरे. ती उठू शकत नसे, म्हणून आप्पा रोज घरी येऊन देत. त्यांचा गुडघा सुजला तेव्हा मी हट्ट धरला, "आठ दिवसांच्या माझ्याजवळ द्या." त्यांनी आठ गोळ्या दोनदा मोजून पुडी बांधली.

"आईसाठी देतुया. आजवर कुणाला दिली न्हाय."

ती घेऊन मी तसाच कचेरीत गेलो. खुंटीला कोट अडकवताना पुडी साहेबांच्या पायाशी पडली. त्यांनी उचलून वास घेतला. 'आईचं औषध' एवढंच सांगायचं होतं. नोकरी गेली असती. मी म्हणालो, "शहापुरात एक वैद्य चोरून विकतो, साहेब. पुरावा आणलाय." त्यांनी माझी पाठ थोपटली.

दुपारीच आप्पांच्या घरावर धाड पडली. पंचनामा माझ्या अक्षरात आहे: 'नशेसाठी विक्री.' ते खोटं आहे, हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. आप्पांनी माझं नाव घेतलं नाही. शिपाई नेताना एवढंच विचारलं, "आईला आजची दिलीस न्हवं?" आठही गोळ्या लाखेच्या मोहरेखाली गेल्या होत्या.

आई पंधरा दिवस तडफडून गेली.

सुटल्यावर आप्पा थेट आमच्या दारात आले. एव्हाना गाव त्यांना गांजेकस म्हणू लागलं होतं. पायरीवर टेकत त्यांनी विचारलं, "लई दुखलं काय रं तिला?"

"नाही, आप्पा. झोपेतच गेली."

"मग बरं झालं," म्हणून ते गुडघा धरत उठले.

त्यांना मी शेवटचं सांगितलं, तेही खोटंच.