छाती साफ

शाळेतल्या मुलांची तपासणी करण्यात मी आमच्या भागात सगळ्यात जलद होते. वजन, उंची, डोळे, दात, केसांतल्या उवा, छातीला नळी, कार्डावर सही, पुढचा. दुसरी नर्स एक शाळा करायची तेवढ्यात माझ्या दोन व्हायच्या. डॉक्टर चारचौघांत माझं नाव काढायचे आणि मी उगाच लाजल्यासारखं करायचे. मूळची मी पेडण्याची, लग्न होऊन डिचोली तालुक्यात आले, आणि सासरी कुणी कौतुक करत नसल्यामुळे मला आरोग्य केंद्रातलं कौतुक फार गोड लागायचं.

गोवा नुकतं राज्य झालं होतं. राजभाषेच्या वादातल्या घोषणांनी रंगलेल्या भिंती अजून तशाच होत्या आणि आमच्या कार्डांवर अजून 'गोवा, दमण आणि दीव' छापलेलं होतं, कारण जुना गठ्ठा संपायचा होता. तपासणी ऑगस्टात करायची, ही कल्पना माझीच. दिवाळीनंतर खनिजाचे ट्रक सुरू झाले की सुर्ल्याकडचे रस्ते तुंबायचे, जीप त्यांच्यामागे तासन्‌तास घुटमळायची. पावसाळ्यात खाणी बंद, ट्रक बंद, रस्ता मोकळा. आठ दिवसांत सगळ्या शाळा उरकायच्या. शिवाय मुलं ठणठणीत सापडायची. उन्हाळ्यात खोकणारी पोरंसुद्धा ऑगस्टात हसतखेळत समोर उभी. 'सुंठीवाचून खोकला गेला,' असं आम्ही हसून म्हणायचो. मुलं ज्या धुळीनं आजारी पडतात ती धूळ पावसानं बसवल्यावर आपण त्यांना तपासायला जातो, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

ती शाळा ट्रकच्या रस्त्यालाच लागून होती. गावाचं नाव घेत नाही, माणसं अजून तिथं राहतात. तिसरीतली एक मुलगी माझ्यासमोर आली. आईबाप सिंधुदुर्गातून आलेले, बाप ट्रकवर, आई नदीच्या धक्क्यावर खनिज भरायला. मुलगी लहानखुरी, तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली. नळी लावायच्या आधीच ती पाठ केल्यासारखं म्हणाली, "बाई, माका धाप लागता."

"आता लागता?"

"आता नाय. टरक सुरू झाले काय लागता."

मी नळी लावली. आत खरोखर काही नव्हतं. मागे चाळीस मुलं उभी होती, मुख्याध्यापकांनी आमच्यासाठी चहा आणि गरम पावाचे उंडे मागवले होते. "मगे टरक सुरू झाले काय सांग हां!" मी म्हणाले. रांगेतली पोरं हसली. ती हसली नाही. मी लिहिलं, छाती साफ. माझं अक्षर चांगलं होतं, कुणालाही वाचता येईल असं.

फेब्रुवारीत, भर दुपारी, एका रिकाम्या ट्रकच्या केबिनमधून तिला आमच्याकडे आणलं. तिच्या वर्गाचे मास्तर तिला मांडीवर आडवी घेऊन बसले होते. आडवी. ओठ निळे पडलेले. डॉक्टरांनी सुई दिली, मी ऑक्सिजन लावला, आम्ही होतं नव्हतं ते सगळं केलं. ती गेली. आठ वर्षांची मुलगी श्वासासाठी किती झगडू शकते ते मी त्या दिवशी पाहिलं. त्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही.

काय झालं ते मास्तरांनी भिंतीला टेकून सांगितलं. आमच्याकडच्या शाळांत वर्ग मुलंच झाडतात, म्हणजे खरं तर मुलीच, पाळी लावून. धुळीच्या दिवसांत बाकांवर बोटानं नाव लिहिता येईल एवढा लाल थर असायचा. तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की झाडलं की धाप लागते. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचं कार्ड काढून पाहिलं होतं. नर्सबाईंनी स्वच्छ लिहिलंय, मग ही कामचुकारपणा करते, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं असतं. त्या सकाळी तिची पाळी होती. झाडून झाल्यावर ती बसेना की बोलेना, तेव्हा तिला बाकावर आडवी केली आणि ट्रकची धूळ येते म्हणून जनेलं, सगळ्या खिडक्या, लावून घेतली. घेरी आली की आडवं करायचं, हेही मीच कधीतरी शिकवलं होतं. दम्याच्या मुलाला बसतं ठेवायचं, हे शिकवलं नव्हतं. मग गाडी मिळेना, मिळाली ती ट्रकांच्या रांगेत अडकली. मूल आणताना कार्ड सोबत आणा, ही आमचीच सूचना. त्यांनी ते खिशातून काढून माझ्या हातात दिलं.

मी ते उलटं करून टेबलावर ठेवलं. मला आईवडिलांसमोर जायची हिंमत झाली नाही. डॉक्टर गेले. मी आतल्या खोलीत जाऊन सुया उकळत बसले, उकळलेल्याच परत उकळल्या.

पुढे मी भांडकुदळ झाले, असं माझ्यासोबतची माणसं म्हणतात. खरंय. तपासणी मी धुळीच्या दिवसांत नेली. जीप अडकली तर मी उतरून चालत गेले. वरून विचारणा झाली की शाळा कमी का होतात, तेव्हा माझी आणि साहेबांची जुंपली. नळी लावायच्या आधी मी मुलाला विचारते, तुला कधी त्रास होतो, काय केल्यावर होतो, आणि ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहिते. आत्ता छातीत काही ऐकू येत नाही, एवढंच माझी नळी सांगते. उद्याचं ती सांगत नाही. ज्यांना धाप लागते त्यांच्या आयांना मी संध्याकाळी धक्क्यावर गाठायचे, कारण दिवसाचा रोज बुडवून त्या शाळेत येणार नाहीत. अशा मुलांच्या हाती केरसुणी द्यायची नाही, वर्ग ओल्या फडक्यानं पुसायचा, औषध मुख्याध्यापकांच्या कुलपात नाही तर वर्गात ठेवायचं, धाप लागली तर बसतं करून पुढे वाकवायचं आणि वाट न बघता निघायचं, हे मी मास्तरांना सांगून थांबले नाही, पोरांकडून घोकून घेतलं. मुळगावच्या बाजूचा एक मुलगा त्यामुळे वाचला. त्याच्या वर्गातल्या मुलींनीच त्याला बसवून धरलं होतं. मला आनंद झाला, खोटं का बोलू. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तिची आई आली ती त्याच वर्षी, मे संपताना. खाणीचा हंगाम सरला होता, ते कुटुंब कायमचं गावी परत चाललं होतं. केंद्रात गर्दी नव्हती. ती दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना.

"बाईनु, एक इचारूचा होता," ती म्हणाली. "माज्या चेडवान तुमका कायच सांगूक नाय मां?"

मुलीनं मला काही सांगितलंच नव्हतं ना, एवढंच तिला हवं होतं. तीच पुढे बोलू लागली. "मिया तेका शिकवन धाडलेलंय, बाई इली काय सांग, माका धाप लागता म्हणान. घराक येवन म्हणता, सांगलंय. मास्तरांनी कार्ड वाचून दाखयला तर तेच्यार साफ म्हणान लिवलेला. मगे मिया तेका मारलंय. खोटां बोलतंस म्हणान मारलंय."

गप्प बसणं सोपं होतं. ती दोन दिवसांत जाणार होती, पुन्हा भेटणार नव्हती. मुलगी लाजली, बोललीच नाही, असं म्हटलं असतं तर माझी नोकरी, माझं नाव, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

"सांगलेला तेना," मी म्हणाले. "माका सांगलेला. मियाच आयकूक नाय."

आता ती मला शिव्या देईल, अंगावर येईल असं वाटलं. यावी असंही वाटलं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"मगे माजां चेडू खरां बोलत होता," ती हळू म्हणाली. मग तिथंच खाली बसली आणि डाव्या मुठीनं स्वतःच्या उजव्या हातावर मारू लागली, जोरात, थांबेचना. मी धावत जाऊन तिची मूठ धरली.

"सोडा बाईनु," ती म्हणाली. "ह्याच हातान मारलंय तेका."