तीन दिवसांचं सुतक

मथुरावहिनी देवीला रागवायच्या. भाद्रपदात महालक्ष्म्या बसवायच्या दिवशी पत्र्याच्या कोठीला साडी नेसवताना त्यांचं बोलणं अखंड चालू असे. “हलू नको गं. सरळ उभी राहा. निऱ्या सुटल्या तर पुन्हा मलाच घालाव्या लागतील.” पितळी मुखवटा चढवला की दोन पावलं मागे सरून डोळे बारीक करून बघायच्या आणि म्हणायच्या, “आता कशी माणसात आली.” लग्न होऊन घरात आल्या त्या पहिल्या वर्षी आमच्या आईला हे आवडलं नव्हतं. देवीशी असं बोलतात का, असं ती म्हणाली. वहिनी म्हणाल्या, “माहेरपणाला आलेल्या लेकीशी कसं बोलतात मग?” आईनं पुन्हा विषय काढला नाही.

त्या माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या पत्नी. माहेर सोयगावचं. शहरात पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात खाली दादा-वहिनी आणि वर मी नि माझी बायको वंदना, असे आम्ही राहायचो. कोणतंही अडलेलं काम असो, वहिनींचं एकच वाक्य असे, “ते माझ्याकडं लागलं.” वंदना नवी असताना महालक्ष्म्यांचं पुरण तिच्या हातून पातेल्याला लागलं. घरभर करपल्याचा वास सुटला. जालन्याहून आलेली आमची आक्का, आम्हा भावंडांत सगळ्यात मोठी आणि कडक, तरातरा स्वयंपाकघरात आली. वहिनींनी वंदनाच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि म्हणाल्या, “माझंच ध्यान नव्हतं आक्का. बोला मला काय बोलायचं ते.” आक्का बोलली, भरपूर बोलली. वहिनी मान खाली घालून नवी डाळ निवडत राहिल्या. वंदना अजून ते सांगते.

शीतल त्यांची एकुलती एक लेक. सिल्लोडला दिली होती. जावयाचं बी-बियाण्यांचं दुकान, माणसं चांगली. लग्नानंतरही महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी शीतल सकाळच्या एसटीनं यायची. थोरलीची साडी आईनं नेसवायची आणि धाकटीची लेकीनं, हे ठरलेलं. दोघींची पैज लागायची आणि निकाल द्यायला मला खाली बोलावलं जायचं. मी दरवर्षी शीतलच्या बाजूनं निकाल द्यायचो. वहिनी म्हणायच्या, “भाऊजी, तुम्ही शाळेत पेपर पण असेच तपासता का?”

आषाढात शीतलला ताप आला. आधी साधाच वाटला. चौथ्या दिवशी तिला सिल्लोडहून शहरात आणलं तेव्हा तिच्या रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या होत्या. तीन दिवस आम्ही दवाखान्याच्या जिन्यात बसून काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. वहिनी पायरीवरून उठल्याच नाहीत. “मी नाय येत बघायला,” म्हणाल्या. “मी बघितलं की खरं व्हईल.” शीतल अठ्ठावीस वर्षांची होती. मागे तिची चार वर्षांची मुलगी, ओवी.

भाद्रपद उजाडायच्या आधी आक्का आली. जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला. महालक्ष्म्या बसवाव्याच लागतील, घराण्याचा कुळाचार आहे, खंड पडता कामा नये. दादा चाचरत म्हणाला, “आक्का, दोन महिने नाही झाले अजून.”

“अरे, पण लग्न झालेल्या लेकीचं आईबापाला सुतक तीनच दिवसांचं असतं. ते कधीच फिटलं. शास्त्र आहे ते, मी माझ्या मनचं सांगत नाही.”

वहिनी ताटं उचलत होत्या. त्या थांबल्या. “तीन दिवस कोणी ठरवलं आक्का? त्याला लेक नसंल.”

त्यांनी उरलेली ताटं एकावर एक रचली. मग म्हणाल्या, “बसवते. ते माझ्याकडंच लागलंय.”

मी तिथंच बसलो होतो. तीस वर्षं शिकवण्यात घालवलेला माणूस. यंदा नको, असं एक वाक्य मी म्हणायला हवं होतं. आक्कानं माझं ऐकलंही असतं. पण मनात कुठंतरी मलाही भीती होती, की खंड पडला आणि आणखी काही झालं तर? मी गप्प बसलो.

वहिनींनी मग कशात कसूर ठेवली नाही. माळ्यावरून पेटी काढली, मुखवटे चिंचेनं घासले, औरंगपुऱ्याच्या बाजारातून सोळा भाज्या आणल्या, देवीवर टांगायचा फुलोरा तळला. ओवीसाठी हिरवं परकर-पोलकं शिवलं. “पोर आली म्हंजे घर जरा हलंल,” एवढंच म्हणत. आदल्या दिवशी त्यांनी सिल्लोडला फोन लावला. विहीणबाई रडायलाच लागल्या. “नका बोलावू हो तिला. आई आजीच्या घरी गेलीय, असं सांगून निजवतो आम्ही तिला. तिथं आली आणि आई दिसली नाही, तर काय सांगू मी लेकराला?” वहिनींनी “बरं” म्हणून फोन ठेवला. परकर-पोलकं घडी घालून कपाटात ठेवलं आणि पुरणाची डाळ मोजायला बसल्या.

आवाहनाच्या संध्याकाळी त्यांनी दोन्ही साड्या एकटीनं नेसवल्या. वंदना मदतीला गेली तर “राहू दे” म्हणाल्या. त्या खोलीत पहिल्यांदाच निऱ्यांची नुसती सळसळ ऐकू येत होती. मग रिवाजाप्रमाणे मुखवटे ताम्हनात घेऊन त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. उंबऱ्यापासून आत कुंकवाची पावलं काढलेली. आतून वंदनानं विचारायचं, बाहेरून वहिनींनी उत्तर द्यायचं. गल्लीतल्या चारपाच बायका जमल्या होत्या.

“कोण आलं?” वंदनानं विचारलं.

“महालक्ष्मी आली.”

“कशाच्या पावलांनी आली?”

सोन्यारुप्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. वहिनी बोलेनात. वंदनानं पुन्हा विचारलं. वहिनींनी ताम्हनातल्या मुखवट्याकडे बघितलं आणि इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, की मागच्या बायकांना ऐकूही गेलं नसेल, “मला नाय ठाऊक. माझी तर चौघांच्या खांद्यावर गेली.” वंदनानं पुढं होऊन ताम्हनाला खालून हात लावला आणि दोघींनी मिळून ते आत नेलं. घंटा वाजवणारा दादा घंटा वाजवायची विसरला होता.

दुसऱ्या दिवशी महानैवेद्य झाला. पंगत बसली. पुरणपोळ्या उत्तम झाल्या होत्या. मी तीन खाल्ल्या आणि सवयीनं म्हणून गेलो, “वहिनी, यंदा पुरण काय जमलंय!” त्या वाढता वाढता थबकल्या. “व्हय?” म्हणाल्या. “मी चाखलंच नाय.” त्या दोन दिवसांत त्यांच्या पोटात चहापलीकडे काही गेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. अक्षता टाकून मुखवटा जागचा हलवायचा आणि पुन्हा ये, म्हणायचं. आक्कानं अक्षता वहिनींच्या हातात दिल्या. त्यांनी मूठ मिटली, ती उघडेना. आक्का दोनदा म्हणाली, “टाक मथुरा, वेळ टळतीय.” वहिनी आक्काकडे वळल्या आणि म्हणाल्या, “आक्का, तुम्ही टाका. मी लेकीला एकदा वाटे लावून आले. पुन्हा नाय लावणार.” आणि आमची कडक आक्का, जिला आईच्या मरणातही मी रडताना पाहिलं नव्हतं, ती तिथंच पाटावर बसून तोंडाला पदर लावून रडायला लागली. शेवटी मुखवटे दादानं हलवले.

पुढच्या वर्षी श्रावणात वहिनींनी मुखवट्यांची पेटी वर आणून वंदनाच्या स्वाधीन केली. आम्ही वरच्या मजल्यावर महालक्ष्म्या बसवल्या. त्या हळदीकुंकवाला आल्या, दाराशी बसल्या, प्रसाद हातात घेतला आणि खाली निघून गेल्या. दरम्यान जावयानं दुसरं लग्न केलं. त्यानं आधी येऊन दादाच्या पाया पडून विचारलं होतं. वहिनीच म्हणाल्या, “करा. लेकराला आई पाहिजे.” त्यानंतर त्या सिल्लोडला कधी गेल्या नाहीत आणि ओवीला इकडे आणा, असंही कधी म्हणाल्या नाहीत. “तिला नवी आई लागू द्या. मी मधी आले तर पोर दोन्हीकडून जाईल,” म्हणायच्या. त्यांचं बोलणं कमी होत गेलं, मग जेवण. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मी रोज संध्याकाळी शाळेतून आलो की खाली बसायचो. कधी म्हणायचो, वहिनी, बोला काहीतरी. त्या म्हणायच्या, “बोलले असते भाऊजी. पण काय बोलायला गेलं की तिचंच नाव येतं तोंडात.”

गेल्या माघात त्या गेल्या. दुपारी जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्या नाहीत. सिल्लोडहून जावई, त्याची दुसरी बायको आणि ओवी आली. ओवी आता सहा वर्षांची. अंगणात वहिनींना निजवलं होतं. तिनं नव्या आईचा हात घट्ट धरला, वहिनींच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघितलं आणि विचारलं, “आई, ह्या कोण?”

दादा तिथंच होता. मी होतो, वंदना होती, आक्का होती. पण त्या परक्या मुलीनंच खाली बसून ओवीला जवळ घेतलं आणि तिला सांगितलं, “तुझी आजी.”

“मग आपण कधीच का नाही आलो?” ओवीनं विचारलं.