करवंटीतली शिंपी

केरूचा माणसांवर विश्वास नव्हता. हे तो स्वतःच सांगत असे, आणि जरा तोऱ्यातच सांगत असे. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याला, पुढे मालगुंडला पायी जाणाऱ्याला वाटेत खाड्या लागत. त्यांतल्या एका खाडीच्या तरीवर माणसे पलीकडे सोडणारी केरूची होडी होती. होडीत पाय टाकणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाला तो आधी नीट न्याहाळून घेई. पायांत काय, हातात काय, बरोबर कोण, नजर समोर की इकडेतिकडे. मग होडी मधल्या पाण्यात आली, म्हणजे कोणाला उठून जाता येणार नाही अशा जागी, की त्याचे प्रश्न सुरू होत.

“नाव काय? गाव कुठचं? जाणार कुठं? परत कधी?”

उत्तर मिळाले की पायाशी ठेवलेल्या नारळाच्या करवंटीत तो तिसऱ्याची, म्हणजे खाडीतल्या शिंपल्याची, एक शिंपी टाकी. माणूस परत आला की त्याच्या देखत एक शिंपी उचलून खाडीत फेकायची. त्याच दिवशी परतणाऱ्यांची करवंटी वेगळी आणि मुक्कामाला जाणाऱ्यांची वेगळी. गावच्या माणसांना शिंपी नव्हती. त्यांना समुद्र ठाऊक होता. दिवस मावळायला पहिली करवंटी रिकामी झाली तरच केरू होडी बांधून घरी जाई.

ही सवय त्याला आठ वर्षांपूर्वी लागली. घाटावरचा एक तरणा मुलगा एकदा सकाळी होडीत बसून पलीकडे गेला. हसतमुख होता, केरूला त्याने पेढाही दिला होता. तिसऱ्या दिवशी त्याचे कपडे खडपावर, समुद्रकाठच्या खडकांवर, सापडले, घडी करून दगडाखाली ठेवलेले. पुढे त्याचे वडील आले. महिपत नाव त्यांचे. उन्हातून चालून आलेला म्हातारा माणूस, होडीच्या काठाला हात लावून उभा राहिला आणि म्हणाला, “माझा मुलगा कुठं जातो म्हणाला होता? निदान तेवढं सांग.”

केरू म्हणाला, “मी विचारलं नाय.”

ते तीन शब्द पुढे त्याला जेवताना आठवत, वल्हे मारताना आठवत. त्यानंतर त्याने विचारल्याशिवाय एकालाही पलीकडे उतरवले नाही.

पण १९३० सालचा उन्हाळा आला आणि विचारणेच अंगाशी येऊ लागले. मिठाची चळवळ जोरात होती. खडपातल्या खळग्यांत भरतीचे पाणी साचून उन्हात वाळे आणि पांढरे मीठ राही, ते मूठभर उचलले तरी गुन्हा. परका माणूस दिसला की वर कळवायचे, असा गावच्या पोलीस पाटलाला, सखारामला, हुकूम होता. सखाराम दर शनिवारी तरीवर येऊन बसे.

“केरू, या हप्त्यात कोण कोण गेलं?”

“शिंप्या मोजा, पाटील.”

“शिंप्यांना नावं असतात काय रे?”

“तेच तर. नसतात.”

सखाराम हसून उठून जाई. केरूने त्याला एकही नाव कधी दिले नव्हते. तरी पाटील तरीवर बसतो आणि केरू नावे विचारतो, एवढ्यावर लोकांनी खूणगाठ बांधली. रत्नागिरीच्या धर्मशाळेपर्यंत बोभाटा झाला की, त्या तरीवरचा माणूस पोलिसांचा आहे. तेव्हापासून प्रवासी खोटे बोलू लागले, आणि मुळात संशयी असलेला केरू आणखीच संशयी झाला.

वैशाखातली संकष्टी होती. सकाळी साडेसातच्या सुमाराला, पाणी पार ओसरलेले असताना, एक तिशीचा गृहस्थ एकटाच होडीत येऊन बसला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात जाड कापडी पिशवी. पिशवी हलली की आतून काचेवर काच वाजे.

“नाव काय, पावणे?”

“गंगाराम,” तो जरा थांबून म्हणाला.

“गाव?”

“चिपळूण.”

केरूने वल्हे थांबवले नाही. चिपळूणचा माणूस बोलायला लागला की केरूला कळत असे. हा बोलत होता तो घाटावरचा.

“आज कुठं?”

“गणपतीला. संकष्टी आहे ना.”

“मग परत उद्याच?”

“नाही मामा, दुपारी बारापर्यंत येतो.”

एवढे बोलून त्याने पिशवीतून पोळीभाजीची गुंडाळी काढली आणि खायला लागला. केरूने ते पाहिले. संकष्टीच्या दर्शनाला निघालेला माणूस भर सकाळी पोळी खातो. हातात नारळ नाही, फूल नाही. पुळे पाच कोस, जाऊन-येऊन दहा, आणि हा बारापर्यंत परत येणार. पिशवीत बाटल्या, बाटल्यांशेजारी लोखंडी पट्टीचे टोक. आणि पोळी खाता खाता त्याची नजर होती ती वाळूच्या पुळणीच्या टोकाला डोंगर समुद्रात उतरतो तिथल्या खडपावर.

मीठ, केरू मनात म्हणाला. मीठ खरवडायला आलाय.

म्हणावेसे वाटले, की खडपावर जाणार असाल तर अकराच्या आत वर या. पण असे म्हणणे म्हणजे तू खोटा आहेस असे तोंडावर सांगणे. शिवाय मिठाचे आपल्याला माहीत आहे असे दाखवणे त्या दिवसांत शहाणपणाचे नव्हते. हा कोण, आपल्याला काय ठाऊक; कोणी पारखायला पाठवलेलाही असेल. केरूने शिंपी उचलली आणि पहिल्या करवंटीत टाकली. माणूस उतरून पुळणीने चालू लागला, ताठ, मागे न बघता.

बारा वाजले. धक्क्याची तिसरी पायरी पाण्याखाली गेली. करवंटीत एकच शिंपी उरली होती.

पलीकडून गावची सोनूबाई सुक्या मासळीची टोपली घेऊन होडीत आली. ती डोंगरावरची वाट उतरून आली होती, आणि पुळ्याकडे जायला तेवढी एकच वाट होती.

“सोनूबाय, वाटेत कोण घाटावरचा माणूस भेटला? गळ्यात पिशवी, पायात बूट?”

“नाय बा. संकष्टीची माणसं भेटली, सगळी नारळवाली.” टोपली टेकवत ती म्हणाली, “काय रं, आता मनापण विचारतोस? पाटलाला सांगाय?”

केरूने खडपाकडे पाहिले. वाटेने गेला नाही, म्हणजे खडपावर गेला. खडपाच्या टोकाला एक घळ होती. सुकतीला तिच्यात चालत जाता येई. भरतीला आधी बाहेरचे तोंड बंद होई, आणि मागे उभा कातळ, बोट अडकवायला जागा नाही. दोन वाजता पूर्ण भरती. तेव्हा घळीत माणसाच्या डोक्यावरून पाणी जाई.

केरूची बायको मालन भाकरी घेऊन आली. केरूने तिला सगळे सांगितले.

“अवो, शिमग्यात काय झालं आठवतंय ना?” ती म्हणाली. “मुंबईचा माणूस बुडला म्हणून दहा माणसं कामावरनं उठवलीत, आन तो सासऱ्याच्या ओटीवर घोरत होता. अजून लोक मना विचारतात, तुझ्या नवऱ्याचा आज कोण हरवला काय म्हणून.”

“त्याची बी शिंपी करवंटीत होती.”

“आता तुमच्या हाकेला कुत्रं येणार नाय. वर तुमी पाटलाचे म्हणतात.”

“मंग?”

मालनने भाकरीचे फडके पुन्हा बांधले. “मंग काय, चला. खडकावरची कालवं काढून काढून ती घळ मना घरासारखी हाय. पण दोघांनी ही होडी बाहेरच्या लाटांत धरवणार नाय. तिसरा माणूस पायजे.”

तिसरा माणूस तेवढ्यात स्वतःहून आला. सखाराम पाटील छत्री मिटत धक्क्यावर उतरत होता. पलीकडे सोड म्हणाला.

केरूने त्याच्याकडे पाहिले. याला नेले तर कदाचित माणूस वाचेल आणि संध्याकाळी बेड्यांत जाईल. मग केरू पोलिसांचा आहे हे आख्ख्या मुलखात पक्के होईल. नाही नेले तर? केरूच्या डोळ्यांसमोर होडीच्या काठावरचा महिपतरावांचा हात आला. तुरुंगातला माणूस सहा महिन्यांनी का होईना, घरी येतो.

“पाटील, पलीकडे नंतर. एक माणूस घळीत अडकलाय. वल्हं मारणार?”

“कोण माणूस?”

“माणूस.”

सखारामने आणखी विचारले नाही. छत्री सोनूबाईच्या हातात दिली आणि डाव्या वल्ह्यावर बसला. त्याने विचारले नाही, हेच केरूला उलट जास्त खुपले. वाटभर तो पाटलाच्या पाठीकडे बघत होता.

खाडीच्या तोंडाबाहेर होडी उसळू लागली. घळीसमोर आले तेव्हा माणूस दिसला. छातीभर पाण्यात, कातळाला पाठ लावून, पिशवी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. लाट आली की तो दिसेनासा होई, ओसरली की पुन्हा पिशवी आणि तोंड.

“पाटील, डावं मारा! डावं!” केरू ओरडला.

ओरडला आणि त्याच्या लक्षात आले. माणसाने ‘पाटील’ ऐकले होते. तो पुढे यायचा तो मागे सरकला, घळीच्या आत, जिथे दोर पोचला नसता.

“मी दर्शनाला आलोय!” तो आतून ओरडला. “गंगाराम! मी काही केलेलं नाही!”

“अरे मेल्या,” मालन किंचाळली, “गणपती काय कालवांत बसलाय? बाहेर ये!”

“तुम्ही जा! पाणी उतरलं की मी येतो!”

“पाणी अजून दीड तास चढणार हाय!” केरू म्हणाला. एक मोठी लाट घळीत शिरली आणि पिशवीसुद्धा दिसेनाशी झाली.

तेव्हा सखाराम वल्हे न सोडता उभा राहिला. “ए बाबा, कोण असशील तो! पाटील मी गावात. होडीत मी केरूचा गडी. माझे दोन्ही हात वल्ह्यावर आहेत, बघ. तुला धरायला तिसरा नाही मला!”

लाट ओसरली. माणूस खोकत पुढे आला. मालनने बांबू कातळाला रेटून होडी लांब धरली आणि केरूने दोर टाकला. पहिल्यांदा हुकला, दुसऱ्यांदा त्याच्या खांद्यावर पडला. त्याने तो कमरेला गुंडाळला आणि उडी घेतली. वर ओढला तेव्हा दोन्ही गुडघे कालवांच्या धारेने सोललेले होते. पिशवी मात्र गळ्यातच होती.

बराच वेळ त्याचे दात वाजत होते. मग तो म्हणाला, “मी गंगाराम नाही. हरिश्चंद्र माझं नाव. कऱ्हाडच्या शाळेत शिकवतो.”

“हरिश्चंद्र!” मालनला हसू आवरेना. “आन सकाळपासनं एक शब्द खरा म्हणून नाय!”

“धर्मशाळेत सांगितलं होतं, तरीवर खरं नाव देऊ नका. म्हणून...” तो केरूकडे बघेना. “मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना दाखवायला शंख, खेकडे, तारामासे नेत होतो.”

त्याने बरण्या फळीवर मांडल्या. एकीत तारामासा, एकीत दोन खेकडे, एकीत काटेरी गोळा. चौथीत अर्धी बरणी पांढरे मीठ. मास्तरचा हात तिच्यावरच थांबला.

केरू सखारामच्या तोंडाकडे बघत होता. सखाराम किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांकडे बघत होता. “मालन,” तो म्हणाला, “आमच्या घरात कालवांची आठवण निघाली होती. हल्ली मिळतात काय गो?”

“मिळतात की.” मालनने चौथी बरणी उचलली, समुद्रात बुडवून दोनदा खळखळून धुतली आणि रिकामी परत दिली. “हिच्यात पाणी शिरलं होतं, मास्तर.”

धक्क्यावर उतरल्यावर केरूने करवंटीतली शिंपी काढली. मास्तर म्हणाला, “मामा, ही मला द्याल? आठवण म्हणून.”

“नाय. ती तुमच्याकडं गेली तर मना वाटंल तुमी अजून पलीकडंच हायसा.” आणि त्याने ती खाडीत फेकली. मास्तर रत्नागिरीच्या वाटेला लागला. केरू वळणापर्यंत त्याच्या मागोमाग गेला, तो खरोखर रत्नागिरीकडेच वळतो की नाही हे पाहायला.

रात्री त्याने बराच विचार केला. मास्तर खोटे बोलला ते नावाच्या भीतीने. नाव खोटे दिल्यावर जायची जागाही खोटी द्यावी लागली. आणि नावाचा केरूला उपयोग काय होता? बुडणाऱ्याला शोधायला जायची जागा आणि परतायची वेळ ठाऊक लागते. महिपतरावांनीही जागाच विचारली होती.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या पाण्यात त्याचे दोनच प्रश्न राहिले. “जाणार कुठं? परत कधी?” आणि कोणाच्या पिशवीत काही वाजले, नजर खडपाकडे गेली, तर तो कोणाकडेही न बघता मोठ्याने म्हणे, “आज घळ अमुक वाजता बंद होते.” ऐकणारा ऐके. विश्वास त्याचा आजही कोणावर नव्हता. करवंटी तो संध्याकाळी दोनदा हाताने चाचपून बघे.

शनिवारी सखाराम येऊन बसला. समोर लिहायचा कागद होता, म्हणून विचारणे भाग होते.

“केरू, संकष्टीला तो जो माणूस होता, त्याचं नाव काय होतं रे?”

केरू वल्ह्याची दोरी आवळत होता. मान वर न करता तो म्हणाला, “मी विचारलं नाय.”

सखारामने कागदाची घडी करून खिशात घातली.