फक्त ओठ हलव

चौथीत असताना गुरुजींनी मला बेसूर ठरवलं. आता इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की अजून डोकं तापतं.

तिसरीपर्यंत मी चिखल्याच्या शाळेत होते. आईबाबा तिथल्या चिकूच्या वाडीत कामाला होते, आम्ही राहायचोही वाडीतच. त्या शाळेत पेटी नव्हती की तबला नव्हता. बाई आम्हा सात पोरांना व्हरांड्यात ओळीनं उभं करायच्या आणि एकेकाला एकेक सूर वाटून द्यायच्या. ज्याच्या डोक्यावर हात पडेल त्यानं आपला सूर लावायचा. आधी सावकाश, मग भराभर. मी 'ग' होते. "शेजारचा ऐक, मग तोंड उघड," एवढंच बाई सांगायच्या. वर्षभर मी 'ग'च होते, त्यामुळे तो सूर माझ्या अंगातच बसला.

पुढं वाडीतलं काम सुटलं आणि आम्ही तलासरीकडच्या आमच्या पाड्यावर परत आलो. इथल्या शाळेत गुरुजी समुद्राकाठच्या डहाणूहून यायचे. त्यांनी आपल्या घरची पेटी शाळेत आणून ठेवली होती. पेटी दिसताच मला काय आनंद झाला होता! पहिल्याच शनिवारी सगळी पोरं पेटीबरोबर सा, रे, ग म्हणायला लागली आणि गुरुजींचा हात थांबला.

"कोण चढं गातंय?"

एकेकाला गायला लावलं. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "हीच. पेटी काय सांगते ते ऐक जरा."

मी ऐकलं. पेटीचा 'ग' मला खाली वाटत होता. मी तसं म्हटलंसुद्धा. "गुरुजी, पेटीचाच खाली आहे." वर्ग खो खो हसला. गुरुजी हसले नाहीत. "पेटी चुकते आणि तू बरोबर? कोणत्या गवयाच्या घरची गं तू?"

त्या दिवसापासून मी सर्वांत मागे. हिवाळ्यात डहाणूला आसपासच्या शाळांची समूहगीताची स्पर्धा ठरली. उंचीनं मी ओळीत बसत होते, म्हणून गुरुजींनी मला काढलं नाही. फक्त म्हणाले, "तू ओठ हलव. आवाज बाहेर येता कामा नये."

घरी आईला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून शाळेत आली. "पोरीला गाऊ का देत नाय, गुरुजी?"

"तुम्हांला सुरातलं काय कळतं, बाई?" गुरुजी म्हणाले. आईनं माझा हात सोडला आणि ती निघून गेली. मान खाली घालून जातानाची तिची ती पाठ मला गुरुजींच्या शब्दांहून जास्त जाळते.

स्पर्धेला आमची पेटी नेली नाही. स्टेजवर तिथलीच पेटी होती. पोरं गायला लागली आणि 'ग' आला की सगळंच विस्कटायचं. महिनोन्‌महिने ज्या पेटीबरोबर घोकलं तिचा 'ग' त्यांच्या गळ्यात बसला होता. मी मधोमध उभी राहून ओठ हलवत होते. खरा सूर माझ्या तोंडात होता आणि मी तो गिळत होते.

गाणं संपल्यावर परीक्षक बाई आमच्याकडे आल्या. "गुरुजी, पोरं मनापासून गातात. पण सगळ्यांचा गंधार एकाच जागी उतरतोय. पोरं स्वतः चुकत असती तर प्रत्येक जण वेगळ्या जागी चुकला असता. शाळेतली पेटी एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवा. खाऱ्या हवेत आतल्या सुरांच्या पट्ट्यांना गंज चढतो."

गुरुजींनी मान डोलावली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आता माझ्याकडे बघतील, मग बघतील. परतीच्या जीपमध्ये ते पुढच्या सीटवरून म्हणाले, "सराव कमी पडला तुमचा." तुमचा! सगळ्या पोरांनी माना खाली घातल्या. मीसुद्धा.

आठ-दहा दिवसांनी पेटी डहाणूहून दुरुस्त होऊन आली. गुरुजींनी वाजवली आणि 'ग' लख्ख बोलला. मी उठून पुढच्या ओळीत जाऊन उभी राहिले.

"जागा नाही. मागे जा."

"गुरुजी, पेटी चुकत होती."

"मागे जा म्हटलं ना?"

गेले. पण त्या शनिवारी मी ओठ नुसते हलवले नाहीत. मागच्या भिंतीला पाठ लावून मोठ्यानं गायले. गुरुजींनी दोनदा भाता थांबवला, वर्गावर नजर फिरवली. मी दोन्ही वेळा पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा त्यांनी थांबवलं नाही. पुढं पाचवीला शाळा बदलेपर्यंत मी तशीच मागून गात राहिले, आणि त्यांनी मला एकदाही पुढं बोलावलं नाही.

लोक म्हणतात, लहानपणचं सोडून द्यावं. पेटी चुकू शकते, तिला गंज चढतो, हे मला कळतं. पण माणसाला कळल्यावरही तो एका नऊ वर्षांच्या पोरीला 'चुकलो' म्हणत नाही, तिच्या आईला म्हणत नाही, हे मला तेव्हा मान्य नव्हतं आणि आजही नाही.