कथलाला आधी जेवण

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी, गिरणीचा भोंगा झाला की गळक्या भांड्यांना कथलाचा डाग देणारा एक म्हातारा येऊन बसायचा. तो माणसांची खुशाली कधी विचारत नसे, भांड्यांची विचारायचा.

ताईचे दिवस भरत आले आणि बाळ-बाळंतिणीच्या आंघोळीचं आईचं तांब्याचं घंगाळ गळायला लागलं. बूड झिजून कागद झालेलं. दोघा कारागिरांनी ते परत पाठवलं. डागाचं कथील पत्राच खाईल आणि भोक वाढेल, म्हणाले. म्हाताऱ्याने घंगाळाच्या काठाचा नखाएवढा तुकडा कापला. तो त्याने पळीतल्या पातळ कथलात सोडला आणि स्वतःचे श्वास मोजत बसला. तुकडा दिसेनासा झाला.

‘‘वितळला का, बाबा?’’

‘‘एवढ्या आचंवर तांबं कुटं वितळतंय? विरघळलं. चहात साखर जाती तसं. लई गोड चहात आनखी साखर घाला, तळाला ऱ्हाती की.’’

मग त्याने तांब्याच्या जुन्या तारेचे तुकडे एकेक करून पळीत घातले. ते विरघळायचे थांबले तेव्हा म्हणाला, ‘‘पोट भरलेला पावना ताटाकडं बगत न्हाय,’’ आणि त्याच कथलाचा डाग दिला.

बारशानंतर त्याने मला हटकलं. ‘‘घंगाळ कसं हाय?’’

‘‘थेंबभरही गळत नाही.’’

तेव्हा कुठे त्याने विचारलं, ‘‘पोरगा का पोरगी?’’

‘‘मुलगी.’’

तो पळी पुसू लागला. ‘‘मग तिच्या बाळंतपणापतूर टिकाय पायजे,’’ म्हणाला. ‘‘वरसातनं एकदा दावून जात जा.’’