कोर्ट आहे, पण दोघांनी मानलं तर

नदीचं भांडण आंतरराष्ट्रीय कोर्टात कसं चालतं, यावर मी पत्रक काढलं होतं. वरच्या देशाने पाणी नासवलं तर खालचा देश त्याला थेट हेगच्या कोर्टात खेचतो, असं ठणकावून लिहिलेलं. कोपरगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ते वाटत होते, तेव्हा चुलतीने विचारलं, "आन् वरचा येतच न्हाई म्हणला तर?"

तर काही नाही. त्या कोर्टाचा अधिकार दोन्ही देशांनी मान्य केलेला असावा लागतो. घाण करणाऱ्याचीच परवानगी! मला याची चीड येते.

"मंग आपल्या शिवेवरच्या निवाड्यावानीच हाय की," चुलती म्हणाली.

होतंच तसं. वरच्या गावातल्या डिस्टिलरीचं पाणी ओढ्यात सुटत होतं आणि आमची पिण्याची विहीर चहासारखी लाल झाली होती. तक्रारी करून थकलो. शेवटी जुन्या रीतीने शिवेवर बसायचं ठरलं. ओढ्याच्या दोन काठांना दोन गावं, पंच खालच्या तिसऱ्या गावचे. दोघांनी ताटातला बेलभंडारा उचलून पंचांचं ऐकायची शपथ घेतली तरच निवाडा, नाहीतर सगळे आपापल्या घरी.

वरचं निम्मं गाव डिस्टिलरीत कामाला. येतील याचा भरवसा नव्हता. ऊन तापल्यावर आले. त्यांचे सरपंच माझं पत्रक हलवत म्हणाले, "वकीलबाई, आमी उचलतो भंडारा. पन तुमची गटारं पंचांच्या गावात जात्यात, त्याचाबी निवाडा आजच!"

आणि त्यांनी उचललासुद्धा.

आमच्या काठावर सकाळपासून सगळ्यांत मोठ्याने ओरडणारे माझे चुलते म्हणाले, "उठा रं. डाव हाय ह्यो."

डाव होताच. तरी मी म्हणाले, "कोर्ट मानायचं तर आपल्यालाही लागू."

"तू गप बस, शहाणे!"

तोवर चुलती ताटापाशी पोचली होती.

"बाईमाणसानं भंडारा उचलायचा नसतो," चुलते गुरकावले.

"आन् टँकरमागं हंडा घेऊन बाईमाणसानंच पळायचं, व्हय?" तिने भंडारा उचलून कपाळाला लावला. "तपासा आमची गटारं. पन माझी इहीर सोडू नका."

पंच उठले आणि आधी आमच्या गटारांकडे निघाले. वरचे सरपंच हसत मागोमाग. हसू देत. आता त्यांनाही माघार नव्हती.